३२ ची पाटी, ६४ ची रॅम : साखर पेठेतल्या एका लॅपटॉपचं प्रकरण

यंत्र : लेनोवोचा थिंकपॅड टी४८०. प्रोसेसर आठव्या पिढीचा आय५-८२५०यू, १६-१६ जीबीच्या दोन पट्ट्या म्हणजे एकूण ३२ जीबी रॅम, २५६ जीबीचा एसएसडी, विंडोज ११. पुण्याहून आणलेला वापरलेला माल, वॉरंटी केव्हाच संपलेली.

मालक : सोलापूरच्या साखर पेठेतले एक टेक्स्टाइल डिझायनर. नाव देत नाही, अण्णा म्हणू. आपल्या पूर्व भागात निम्म्या लोकांना अण्णाच म्हणतात, त्यामुळं कुणाला ओळख पटायची भीती नाही.

तक्रार : "फाइल सेव्हला टाकतो आणि जेवायला जातो. जेवून आलं तरी गोल फिरतंयच."

मागणी : रॅम वाढवून द्या.

अडचण : कंपनीच्या तपशीलपत्रकात या मॉडेलची कमाल रॅम ३२ जीबी लिहिलेली आहे आणि तेवढी आधीच भरलेली आहे.

माझ्याकडं येण्याआधी अण्णा दोन ठिकाणी जाऊन आले होते. एकानं पत्रक दाखवून "होत नाही" म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, "होतंय की ओ, टाकून देतो." कशाच्या जोरावर होतंय ते त्यानं सांगितलं नाही. अण्णांना या दुसऱ्याचीच धास्ती जास्त वाटली. माणूस हुशार.

दुखणं कुठं आहे

गिऱ्हाईक रॅम कमी पडते म्हणतं तेव्हा दुखणं बऱ्याचदा दुसरीकडं असतं. सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरलेला असतो, पंखा धुळीनं बसलेला असतो, नाहीतर ब्राउझरमध्ये गेल्या दिवाळीपासूनचे टॅब उघडे असतात. म्हणून अण्णांना म्हटलं, लॅपटॉप ठेवून जाऊ नका, तुमचं रोजचं काम इथं बसून माझ्यासमोर करा.

अण्णा मूळचे जॅकार्डवाले, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचे. चादरीचे ग्राफ हातानं रंगवण्यापासून त्यांची सुरुवात. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, पण अण्णांचं सध्याचं पोट डिजिटल प्रिंटवर चालतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांना बेडशीट आणि छापील टॉवेलची डिझाइनं ते करून देतात. त्यांनी जी फाइल उघडली ती साठ बाय नव्वद इंची बेडशीटची, ३०० डीपीआयची, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके.

हिशेब कागदावर मांडला. साठ इंच गुणिले ३०० म्हणजे १८,०००. नव्वद इंच गुणिले ३०० म्हणजे २७,०००. गुणाकार ४८ कोटी ६० लाख पिक्सेल. आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या तीन रंगांत, एका पिक्सेलला ३ बाइट लागतात, म्हणजे पूर्ण भरलेला एकच लेअर सुमारे १.३६ जीबी खातो. सीएमवायके, म्हणजे छपाईचे चार रंग केले तर चार बाइट, म्हणजे १.८१ जीबी. अण्णांच्या फाइलमध्ये पार्श्वभूमी, वेली, बॉर्डर, बुट्टे, सावल्या असे लेअरवर लेअर. शिवाय मागं जाता यावं म्हणून फोटोशॉप आधीच्या अवस्था धरून ठेवतं, त्यांचा भार वेगळा.

"१५० डीपीआयवर नाही भागत?" हे विचारणं भाग होतं, कारण तिथं हीच फाइल पावपट होते. अण्णा म्हणाले, "मोठ्या फुलांना भागतंय. बारीक रेघांचं काम असलं की पार्टी तीनशेच मागते, आणि बिल पार्टी देते." विषय संपला.

आता मोजमाप. फोटोशॉपच्या खिडकीत खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी असते, तिथं बहुतेकांनी फाइलचा आकार लावलेला असतो. त्याच जागी 'एफिशियन्सी' आणि 'स्क्रॅच साइझेस' असेही पर्याय मिळतात, आणि रॅमचा निकाल लावायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. एफिशियन्सी १०० टक्के असेल तर काम रॅममध्ये बसतंय. त्याखाली घसरली की रॅम संपून डिस्कवर उचल-ठेव सुरू झाली. स्क्रॅच साइझेसमध्ये दोन आकडे दिसतात. उजवीकडचा म्हणजे फोटोशॉपला वापरायला मिळालेली रॅम, डावीकडचा म्हणजे उघड्या फाइलींना प्रत्यक्षात लागणारी. अण्णांच्या यंत्रात उजवीकडं २२ जीबीच्या आसपास होतं, कारण मूळ सेटिंगप्रमाणं फोटोशॉप उपलब्ध रॅमच्या ७० टक्केच घेतं. डावीकडं ३८ च्या पुढं. एफिशियन्सी पन्नाशीच्याही खाली.

म्हणजे दुखणं रॅमचंच होतं, आणि किती रॅम लागेल तेही याच आकड्यांनी सांगितलं. ३८ ला ०.७ नं भागलं की ५४ येतात. ४८ जीबी करून भागणार नव्हतं, ६४ च हवी होती.

पर्यायांचा विचार लवकर आटोपला. डेस्कटॉप घ्या म्हटलं तर अण्णांना कारखान्यात मशिनशेजारी बसून रंग बदलून दाखवावे लागतात. चार स्लॉटवाला वर्कस्टेशन लॅपटॉप त्यांच्या खिशाबाहेरचा, आणि वजन पाहूनच त्यांनी मान हलवली. उरला तो प्रश्न : ३२ च्या पाटीपलीकडं जाता येतं का?

३२ आलं कुठून

या प्रकरणाचा खरा गाभा इथं आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

'कमाल रॅम' हा एकच आकडा दिसत असला तरी त्यामागं वेगवेगळ्या भिंती असतात. रॅमचा कंट्रोलर किती पत्ते ओळखतो ही एक. बायॉस, म्हणजे यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, तेवढी रॅम ओळखून तिची जुळणी करू शकतो का ही दुसरी. स्लॉट किती आणि त्यात बसणारी सगळ्यात मोठी पट्टी कोणती ही तिसरी. ऑपरेटिंग सिस्टिमची चौथी. विंडोज ११ होमला १२८ जीबीपर्यंत चालतं, त्यामुळं ती इथं आड येत नव्हती. यातली एखादी भिंत दगडाची असते आणि एखादी नुसती चुन्यानं मारलेली रेघ. कंपनीचं पत्रक हा फरक सांगत नाही.

तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की गुंता सुटायला लागतो. टी४८० जाहीर झाला जानेवारी २०१८ मध्ये. त्या वेळी लॅपटॉपसाठी बाजारात मिळणारी डीडीआर४ ची (ही रॅमची चौथी पिढी) सगळ्यात मोठी पट्टी १६ जीबीची होती. स्लॉट दोन, म्हणून ३२. सॅमसंगनं लॅपटॉपची ३२ जीबीची पट्टी जाहीर केली ती त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस. लॅपटॉपवाल्यानं जानेवारीत अस्तित्वातच नसलेल्या पट्टीची चाचणी करायची कशी? जे हातात होतं ते भरून तपासलं आणि तो आकडा छापला. यात लबाडी नाही. न तपासलेल्या गोष्टीची हमी द्यायची नाही, एवढंच. लेनोवोच्या नंतरच्या बऱ्याच मॉडेलच्या पत्रकात बारीक अक्षरात तळटीपच असते, की ही मर्यादा आमच्या चाचणीवर आधारलेली आहे, पुढं तंत्र सुधारलं तर यंत्र जास्तही घेऊ शकेल.

पण अण्णांच्या यंत्रात एक गोष्ट खटकणारी होती. फक्त लॅपटॉपवालाच नाही, या प्रोसेसरच्या माहितीत इंटेलसुद्धा ३२ च सांगतं. पूर्वी रॅमचा कंट्रोलर मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये असायचा, आता तो प्रोसेसरमध्येच असतो. मग कंट्रोलर बनवणाराच ३२ म्हणत असेल तर भिंत दगडाची मानायची का?

इथं चिपच्या आत डोकावावं लागतं. १६ जीबीच्या पट्टीवर ८ गिगाबिटच्या, म्हणजे १ जीबीच्या, १६ चिपा असतात. ३२ जीबीच्या पट्टीवरही चिपा १६ च, फक्त प्रत्येक १६ गिगाबिटची. बाहेरून काही बदलत नाही, २६० पिना त्याच, १.२ व्होल्ट तेच. बदलतं ते एवढंच, की चिपमधल्या ओळी दुप्पट होतात आणि ओळीचा पत्ता सांगायला एक बिट जास्त लागतो. ८ गिगाबिटला १६ बिट पुरतात, १६ गिगाबिटला १७ हवेत. कंट्रोलरला हा सतरावा बिट पाठवता येत असेल तर ६४ जीबी चालते, नसेल तर नाही. बाकी सगळं गौण.

अण्णांना हे जॅकार्डच्या भाषेत सांगितलं. १३४४ हुकांच्या जॅकार्डवर २६८८ हुकांचं डिझाइन लावलं तर काय होईल? "उरलेले धागे ओढणार कोण?" अण्णा लगेच म्हणाले. तसंच. हूक असतील तर डिझाइन उठतं, आणि हूक किती आहेत ते जॅकार्ड बनतानाच ठरतं.

आता डीडीआर४ चं मानक २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हाच त्यात १६ गिगाबिटपर्यंतच्या चिपा धरलेल्या होत्या. म्हणजे २०१७ मध्ये आलेल्या डीडीआर४ कंट्रोलरमध्ये सतरावा बिट असण्याची शक्यता दांडगी. आणि इंटेलनं आपला आकडा नंतर बदलल्याचा दाखलाही आहे. नवव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा सुरुवातीला ६४ जीबी सांगितली गेली होती. १६ गिगाबिटच्या चिपा बाजारात आल्यावर त्याच प्रोसेसरांसाठी १२८ जीबी जाहीर झाली. सिलिकॉन तेच, पाटी नवी. त्यातून टी४८० मध्ये ६४ जीबी घालून वापरणारे लोक जगभर आहेत. हा शेवटचा पुरावा सगळ्यात वजनदार, पण तो मी मुद्दाम शेवटी बघतो. कारण माहीत नसताना दुसऱ्याचं बघून घातलं की अडचण आल्यावर काय तपासायचं तेच सुचत नाही.

एक इशारा. विंडोजमधल्या एका कमांडनं यंत्र स्वतःची कमाल रॅम सांगतं आणि तोच अंतिम निकाल म्हणून बरेच जण दाखवतात. ३२ जीबीसाठी तिथं ३३५५४४३२ असा केबीतला आकडा येतो. तो कुणी मोजलेला नसतो. बायॉस लिहिणाऱ्यानं एका तक्त्यात भरून ठेवलेला असतो आणि कमांड तो वाचून दाखवते, बस. पत्रकाचाच आकडा दुसऱ्या तोंडून ऐकायचा असा प्रकार.

एक पट्टी आधी

धोका काय, हे अण्णांना स्पष्ट सांगितलं. व्होल्टेज तेच असल्यामुळं काही जळणार नाही. कंट्रोलरला पट्टी वाचता आली नाही तर लॅपटॉप सुरू होणार नाही, बीप देईल, आणि जुनी पट्टी परत लावली की पूर्ववत. खरी भीती तिसऱ्या शक्यतेची : यंत्र सुरू होतं, ६४ दाखवतं, सगळं छान वाटतं आणि मधूनच एखादा बिट चुकतो. बेडशीटच्या कोपऱ्यात चुकीच्या रंगाचा ठिपका येतो आणि तो सापडतो कापड छापून झाल्यावर. म्हणून चाचणीशिवाय लॅपटॉप मिळणार नाही ही माझी अट. अण्णांची अट, चाललं नाही तर पट्टीचे पैसे बुडता कामा नयेत. दोन्ही अटी पावतीवर लिहिल्या. नवी पेठेतल्या दुकानदाराकडून परत घेण्याच्या बोलीवर एकच पट्टी आणली. एक १६ ची आणि एक ३२ ची मिळून ४८ होतात, म्हणजे पाटी तिथंच ओलांडली जाते. कंट्रोलरला मोठी चिप वाचता येते का, एवढ्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या खर्चात मिळतं.

पट्टी घेताना : लॅपटॉपची डीडीआर४, ३२ जीबी, साधी, म्हणजे ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करायची सोय) नसलेली. वेग ३२०० चा घेतला. या प्रोसेसरला २४०० च्या वर जाता येत नाही, पण पट्टीवर तिच्या वेळापत्रकाची नोंद असलेली एक बारकी चिप असते. बायॉस ती वाचतो आणि पट्टीला २४०० वर उतरवतो. जुन्या वेगाची पट्टी शोधत बसायची गरज नाही. फक्त गेमिंगच्या जाहिरातबाज पट्ट्या टाळाव्यात. त्यांचा छापील वेग बऱ्याचदा वेगळ्या प्रोफाइलवर अवलंबून असतो आणि लॅपटॉपच्या बायॉसला ते प्रोफाइल ठाऊक नसतं.

बायॉस आधीच ताजा करून घेतला, चार्जर लावून आणि बॅटरी भरलेली असताना. हे रॅम बदलण्याआधीच करायचं. नव्या रॅमनं यंत्र अडखळायला लागल्यावर बायॉस अपडेटला हात घालणं म्हणजे संकटाला आवतण.

झाकण उघडल्यावर

टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात. मागची हातानं निघते, दुसरी आतच राहते. मागची काढली म्हणजे वीज बंद झाली असं समजून बरेच जण रॅमला हात घालतात. आधी बायॉसमध्ये जाऊन, कॉन्फिगमध्ये पॉवरखाली, आतली बॅटरी बंद करण्याचा पर्याय निवडायचा. यंत्र आपोआप बंद होतं आणि पुन्हा चार्जर लावेपर्यंत आतली बॅटरी गप्प राहते. मग खालचे स्क्रू. ते ढिले होतात पण झाकणालाच अडकून राहतात, त्यामुळं हरवत नाहीत. बनवणाऱ्याला दुवा द्यावा अशी गोष्ट. झाकण कडेनं उचकटताना स्टीलचा पाना लावू नये, प्लॅस्टिकचा पातळ तुकडा पुरतो.

झाकण निघालं आणि आत बेडशीटचा कारखानाच दिसला. पंख्याच्या तोंडाशी रुईचा थर साचला होता, करड्या रंगाचा, चिमटीत धरला तर अख्खा चकतीसारखा निघून आला. त्यात दोन-तीन रंगीत धाग्यांचे तुकडेही होते, एक चांगला लालभडक. मशिनशेजारी लॅपटॉप उघडून बसण्याचा हा मेहनताना. अण्णांनी ती चकती हातात घेऊन बोटांनी उसवून पाहिली. धंदा अंगात भिनलेला. रॅमचा प्रश्न नसता तरी हा थर काढायला हवाच होता. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि डीडीआर४ च्या चिपा ८५ अंशांच्या वर गेल्या की त्यांना दुप्पट वेळा रिफ्रेश करावं लागतं. गरम रॅम ही चुकणारी रॅम. चाचणीआधी पंखा आणि जाळी साफ केली, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली.

पट्टी तिरकी धरून, खाच जुळवून, पिवळ्या पिना दिसेनाशा होईपर्यंत सरकवली आणि मग खाली दाबली. दोन्ही बाजूंच्या चाप्यांचा टक आवाज वेगवेगळा ऐकू यायला हवा. एकच आला तर काढून पुन्हा बसवायची.

चार्जर लावला, बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, पडदा मात्र काळा. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. हीच ती वेळ, जेव्हा लोक घाबरून बटण दाबून धरतात आणि यंत्र अर्ध्यात बंद करतात. नवी रॅम दिसली की बायॉस प्रत्येक पट्टीशी सिग्नलच्या वेळा जुळवून पाहतो आणि तोवर पडद्यावर काही येत नाही. त्यात एखादं मिनिट सहज जातं, कधी यंत्र स्वतःच एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होतं. पुढच्या वेळी जुळणी साठवलेली असते, मग एवढा वेळ लागत नाही.

"बसा की अण्णा," म्हटलं. ते काही बसले नाहीत. मग लोगो आला. बायॉसमध्ये गेलो, ४८ जीबी.

सतरावा बिट होता.

चाचणी, आणि दुसरी पट्टी

४८ दिसले म्हणून दुसरी पट्टी लगेच मागवली नाही. आधी ३२ ची पट्टी एकटीच एका स्लॉटमध्ये, मग दुसऱ्यात, अशी तपासली. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवला. स्लॉट बदलून तपासण्याचा फायदा असा, की चूक आलीच तर ती पट्टीची की स्लॉटची ते लगेच कळतं. चूक आली नाही. मग दुसरी पट्टी मागवली, शक्यतो पहिलीचीच जुळी. १६ आणि ३२ अशी विषम जोडी असली तर दोन्हींतले १६-१६ जोडीनं चालतात आणि वरचे १६ एकटे, कमी वेगानं. या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, म्हणून जोडी सारखी असलेली बरी.

६४ बसवून मेमटेस्टच्या चारही फेऱ्या रात्रभर चालू दिल्या. एवढ्या रॅमला तास लागतात आणि दुकानातल्या मुलांना ते जिवावर येतं. पण एकही चूक चालत नाही. 'एकच आली' हे कारण ऐकून घेत नाही मी. सकाळी शून्य चुका. मग विंडोजमध्ये अण्णांचीच फाइल उघडून, खालचं झाकण लावलेल्या अवस्थेत, दुपारच्या उकाड्यात दुकानातला पंखा बंद करून काम करून घेतलं, कारण कारखान्यात काही एसी नाही.

फोटोशॉपची पट्टी पाहिली. उजवीकडचा आकडा ४३ च्या आसपास, डावीकडं ३८. एफिशियन्सी १०० टक्के. लेअर सरकवणं, रंग बदलणं, मोठा भाग फिरवणं ही कामं हाताबरोबर व्हायला लागली. अण्णांनी एक बुट्टा उगीचच इकडून तिकडं ओढून पाहिला, परत ओढून पाहिला.

आणि मग त्यांनी सेव्हचं बटण दाबलं. गोल फिरायला लागलं.

पूर्वीइतका वेळ नाही लागला, पण लागला. मूळ तक्रार सेव्हचीच होती, त्यामुळं हे सोडून चालणार नव्हतं. कारण रॅमच्या बाहेरचं निघालं. ही फाइल पीएसडीच्या, म्हणजे फोटोशॉपच्या नेहमीच्या फाइल-प्रकाराच्या, २ जीबीच्या मर्यादेपलीकडची, म्हणून ती पीएसबी प्रकारात साठवावी लागते, आणि साठवताना फोटोशॉप ती दाबून लहान करत बसतं. फाइल लहान होते पण वेळ जातो, आणि त्यात रॅमचा काही उपयोग नसतो. फोटोशॉपच्या सेटिंगमध्ये हे दाबणं बंद करायची एक चौकट आहे. ती टिचकी मारली आणि सेव्ह आटोक्यात आलं. फाइल मात्र फुगली.

फुगलेली फाइल ठेवायची कुठं? २५६ च्या एसएसडीत आधीच जागा नव्हती, आणि रॅम वाढवल्यानं ती आणखी घटली होती. विंडोज हायबरनेशनसाठी, म्हणजे चालू काम डिस्कवर जपून यंत्र बंद करण्यासाठी, डिस्कवर एक फाइल राखून ठेवतं, तिचा आकार साधारण रॅमच्या ४० टक्के. ३२ ला १२.८ जीबी, ६४ ला २५.६ जीबी. रॅम दुप्पट केली की सी ड्राइव्हमधून तेरा-एक जीबी गुपचूप गायब होतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्ही काहीतरी केलं." हायबरनेशन बंद करून ती जागा सोडवता येते, पण त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातं, आणि बॅटरी संपत आली की यंत्र काम जपून ठेवायच्या ऐवजी सरळ बंद होतं. वीज जाते अशा ठिकाणी बसणाऱ्या माणसाला ते सोसणारं नाही. एक टीबीचा एसएसडी घातला आणि हायबरनेशन राहू दिलं. माझं मत विचाराल तर ६४ जीबी रॅम आणि २५६ चा एसएसडी ही जोडी लावूच नये.

झोपवून ठेवलेल्या यंत्राची बॅटरीही आता थोडी लवकर उतरेल हे सांगून ठेवलं. दुप्पट क्षमतेच्या चिपा जाग्या ठेवायला जास्त वीज लागते. फरक मोठा नाही, पण रात्रभर बॅगेत ठेवणाऱ्याला जाणवतो.

पुतण्याचा लॅपटॉप

अण्णांचं काम झाल्याचं कळताच त्यांचा पुतण्या आपला जुना लॅपटॉप घेऊन आला. थिंकपॅड टी४३०, तिसऱ्या पिढीचा इंटेल, ८-८ मिळून १६ जीबी. "काकांचं केलंत तसं माझंही ३२ करून द्या की. पाटी काय, खोटीच असते म्हणे."

नाही म्हणून सांगितलं. तो डीडीआर३ चा काळ. १६ जीबीची डीडीआर३ पट्टी मिळते, पण तिच्यावर ८ गिगाबिटच्या चिपा असतात आणि तिसऱ्या पिढीच्या इंटेल कंट्रोलरला त्या वाचता येत नाहीत. दोन स्लॉट, प्रत्येकी ८, संपलं. ही दगडाची भिंत. गंमत अशी की त्याच्याच आधीच्या पिढीच्या टी४२० ला कंपनीनं ८ ची पाटी लावली होती आणि त्यात १६ व्यवस्थित चालते, कारण तिथं मर्यादा त्या वेळी मिळणाऱ्या पट्टीची होती. म्हणजे जुन्यात पाटी ओलांडता येते आणि त्याहून नव्यात येत नाही. एका यंत्रावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही तो असा.

"पण ऑनलाइन एक जण विकतोय, चालते म्हणतोय."

"परत घेतो म्हणतोय का?"

तो गप्प बसला. त्याचं काम पाहिलं तर हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर, त्याला १६ भरपूर होते. आत मात्र अजून फिरणारी हार्डडिस्क होती. ती काढून एसएसडी बसवला. अण्णांच्या लॅपटॉपमधून निघालेल्या १६-१६ च्या दोन पट्ट्या काकांनी पुतण्याला देऊ केल्या होत्या. त्या डीडीआर४ च्या, खाच वेगळी, त्याच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत. त्या पाकिटात घालून, वर क्षमता आणि वेग लिहून, अण्णांच्या हवाली केल्या.